सूक्ष्मदर्शक (पुरातत्त्वातील)

नुसत्या डोळ्यांना न दिसणारी रचना मोठी करून दाखवणारे उपकरण. पुरातत्त्वात त्याचे कोणते प्रकार लागतात, ते एका स्थळावरून पाहता येते. उज्जैन जिल्ह्यातील कायथा हे छोट्या काली सिंधच्या काठचे ताम्रपाषाणयुगीन स्थळ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९६४ मध्ये उजेडात आणले. पुढे विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तेथे उत्खनन केले. तांब्याच्या कुऱ्हाडी व बांगड्या, रंगवलेली खापरे, संगजिऱ्याचे हजारो बारीक मणी असे जिन्नस तेथे मिळाले. अशा प्रत्येक जिनसाला वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो.

त्रिमिती सूक्ष्मदर्शक साधारण १० ते ५० पट मोठे दाखवतो, पण दोन्ही डोळ्यांना निरनिराळ्या कोनांतून प्रतिमा मिळत असल्याने खोली कळते. मण्याचे भोक एका बाजूने पाडले की दोन्ही बाजूंनी, दोऱ्याने त्याची कड कुठे झिजली, हे वस्तूला धक्का न लावता दिसते. जळके धान्यही याच्याखालीच निवडतात. महागड्या यंत्रांचा गाजावाजा कितीही असला, तरी रोजचे बरेचसे काम यावरच उरकते.

खापराला मात्र कापावे लागते. ०.०३ मिमी जाडीचा काप ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली धरला की खनिजे रंगांवरून ओळखता येतात. माळव्याची जमीन बेसाल्टची. मातीत ग्रॅनाइटचे कण सापडले, तर भांडे किंवा माती बाहेरून आल्याची शक्यता धरावी लागते.

धातूतून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून धातुसूक्ष्मदर्शक परावर्तित प्रकाशावर चालतो. नमुना घासून चकचकीत करतात, मग रसायनाने हलकेच खरवडतात. ओतीव तांब्यात बहुधा फांद्याफांद्यांचे स्फटिक दिसतात. ठोकून पुन्हा तापवलेल्या तांब्याच्या कणांत सरळ समांतर पट्टे. फाउंड्रीत बिडातले ग्रॅफाइट तपासायलाही हेच यंत्र वापरतात.

उत्खननाच्या मातीतील परागकणांसाठी पारगामी प्रकाशाचा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. हिवतापाचे परजीवी शोधायला दवाखान्यात हाच असतो, आणि कॉस्टिक सोड्यात फुगवलेल्या कापसाच्या तंतूची पक्वताही यावरच ठरवतात.

दृश्य प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाची मजल सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंत. त्यापलीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. पहिला रुस्का व क्नोल यांनी १९३१ मध्ये बनवला. त्याचा क्रमवीक्षी (स्कॅनिंग) प्रकार १९६५ पासून बाजारात आला. संगजिरे नखाने खरवडले जाईल इतके मऊ, पण भट्टीत भाजले की टणक होते; हा बदल या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या स्फटिकांत दिसतो. नमुना बहुधा निर्वातात ठेवावा लागतो, शिवाय त्यावर अनेकदा सोन्याचा पातळ थर चढवतात. मूळ मण्यावर तो नको म्हणून भोकात सिलिकोन रबर भरून साचा काढतात आणि सामत्याचे (भोक पाडण्याच्या अवजाराचे) ओरखडे त्या साच्यावर वाचतात.