वही एक, हात अनेक

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आता पुष्कळसे हिशेब संगणकाच्या पोटात गेले. पण वही काही गेली नाही, तिचे नाव तेवढे ‘डेटाबेस’ झाले. अशाच एका वहीची, ‘पोस्टग्रेसक्यूएल’ची, ही हकीकत. सांगण्याजोगी अशासाठी की, या वहीला कोणी एक धनीच नाही.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली तिचा आरंभ केला. १९९४ मध्ये विद्यापीठाने ते काम थांबविले. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तिला सर्वत्र चालणारी प्रश्नभाषा दिली आणि तेही आपापल्या वाटेने गेले. वही पोरकी व्हायची. परंतु १९९६ च्या जुलैत टोरांटोच्या मार्क फोर्निए यांनी आपल्याकडील एक संगणक तिच्यासाठी मोकळा केला. फिलाडेल्फियाचे ब्रूस मॉम्जियन, कॅलिफोर्नियाचे टॉमस लॉकहार्ट, थेट सैबेरियातील क्रास्नोयार्स्कचे वादिम मिखेव अशी मंडळी जमली. जमली म्हणजे ई-मेलच्या पत्रांतून! आज्ञावली सर्वांना खुली; ज्याला दोष दिसेल त्याने दुरुस्ती पाठवावी, इतरांनी ती पारखून घ्यावी. एकजण वाचीत असता दुसऱ्याचे लिहिणे अडू नये, ही मोठी सोय मिखेव यांच्या हातून १९९९ मध्ये झाली.

पत्रांवर एवढे काम होते, तर भेटावयाचे कशाला? वाचकहो, पत्रात शब्द पोहोचतो, स्वर पोहोचत नाही. ‘हे चालणार नाही’ हे वाक्य हसत म्हटले की सल्ला असतो, कागदावर तोच अपमान होतो.

दहा वर्षे भरली तेव्हा, २००६ च्या जुलैत, टोरांटोत मेळावा भरला. केवळ नावाने ओळखीची असलेली माणसे समोरासमोर बसली. पुढल्या वर्षापासून डॅन लँगिल यांनी ओटावा विद्यापीठात दर मे महिन्यात परिषद भरविण्यास सुरुवात केली.

भेटीचे फळ २००८ साली दिसले. मूळ वहीत नोंद पडताच दूरच्या यंत्रावर तिची प्रत उतरावी, म्हणजे एक यंत्र बुडाले तरी हिशेब बुडू नये, अशी मागणी फार दिवसांची होती. हे काम मूळ वहीत नको, ज्याने त्याने बाहेरून जोडावे, असे तोवरचे धोरण होते. ओटावात जपानच्या एनटीटी मंडळींनी आपला प्रयोग करून दाखविला, पुष्कळ चर्चा झाली, आणि धोरण बदलले. त्याच मे महिन्याच्या अखेरीस पिट्सबर्गच्या टॉम लेन यांनी प्रमुख मंडळींच्या वतीने तसे पत्र सर्वांना धाडले. काम मात्र बोलण्याइतके सोपे नव्हते. ती सोय लोकांच्या हाती पडावयास २०१० चा सप्टेंबर उजाडला.

या हकीकतीत मला त्या चर्चेइतकेच ते पत्र मोलाचे वाटते. ओटावाचे तिकीट सर्वांनाच थोडेच परवडते? कोणाला व्हिसा मिळत नाही, कोणाच्या घरी आजारपण असते. या वहीला पुण्या-बंगळूरकडचेही हात लागले आहेत. तिथून कॅनडा काही जवळ नाही. खोलीत बसलेल्यांनीच सारे ठरविले असते, तर धनी नसलेल्या वहीला नकळत धनी मिळाले असते! म्हणून त्यांच्या बैठकींची टिपणे सर्वांसाठी खुली ठेवण्याची चाल पडली.

२०२० ते २०२२ ही महामारीची तीन वर्षे परिषद पडद्यावरच झाली. २०२३ साली मंडळी पुन्हा ओटावात भेटली; २०२४ ला व्हँकुव्हर, २०२५ ला माँट्रियल असा मेळा पुढे सरकला. काम पत्रांवर चालतच होते, तरीही माणसे एवढ्या दूर गेलीच.

आपणही दिवाळीला घरी जातो ते का निव्वळ फराळासाठी? वर्षभर पत्रांतून नि फोनवरून राहून गेलेले बोलावयास जातो. आणि ज्याला येता आले नाही, त्याला घडले ते सारे कळवितो. तेव्हाच घर सगळ्यांचे राहते.