तुळजापूर घाटातला जड ब्रेक

आमच्या गॅरेजमागं चिंचेखाली उभ्या असलेल्या जुन्या क्रेनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. थोडा इतिहास आहे, थोडी घरातली गोष्ट. पोस्ट मोठी झालीय, सांभाळून घ्या.

गाडी जीएमसीची. दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी लष्करी ट्रक, सहाही चाकं ओढणारा. अमेरिकेनं असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनवले. बर्माच्या आघाडीसाठी अमेरिकी गाड्या मोठ्या संख्येनं आपल्या देशात आल्या. युद्ध संपल्यावर एवढं लोखंड परत कोण नेणार? मे १९४६ मध्ये अमेरिका आणि इथल्या सरकारात हिशेबाचा करार झाला आणि उरलेला माल इथंच राहिला. तंबू, बूट, जीप, ट्रक, सगळं विकायला निघालं. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. पुढं १९५९ पासून जबलपूरला शक्तिमान बनायला लागले, तसे लष्कराकडचे जुने ट्रकही लिलावात यायला लागले. आमच्या आजोबांनी ही गाडी अशाच एका लिलावातल्या व्यापाऱ्याकडून घेतली. मागची बॉडी काढली, गर्डरचा सांगाडा उभा केला, चेन पुली लावली. झाली क्रेन. पुणे-हैदराबाद रस्त्यावर पलटी झालेल्या किती गाड्या तिनं उचलल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

लिलावात फक्त ट्रक मिळतो, हे लक्षात घ्या. त्याची पुस्तकं, त्याचे पार्ट, तो उघडून परत बसवता येणारा लष्करातला फिटर, यातलं काहीच बरोबर येत नाही.

१९७३ नंतर पेट्रोल परवडेना. ही गाडी तर पेट्रोल अक्षरशः प्यायची. तेव्हा सगळे करत होते तेच आमच्याकडंही झालं. मूळ इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीमुळं ही इंजिनं आणि त्यांचे पार्ट आपल्याकडं मिळायचे. गाडी परत कमवायला लागली. फक्त एक बदल झाला, ब्रेक जड झाला. इतका जड की वडील सीटवरून अर्धे उठून पेडलवर उभे राहायचे. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, “मिल्ट्रीची गाडी आहे, ब्रेक जडच असतो.”

एकदा भरलेला ट्रक मागं बांधून ते तुळजापूरचा घाट उतरत होते. पेडल दगडासारखं. खालचा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. क्लीनरचा हात मोडला, जीव वाचला. त्यानंतर वडिलांनी ती पुन्हा रस्त्यावर काढली नाही.

गेल्या वर्षी मी ती खोलायला घेतली. रबरी कप कुजलेले. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडलेले. कारण कधीतरी कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतलं होतं. नावात ‘ऑइल’ आहे ना, तिथंच माणूस फसतो. खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्यापेक्षा जुन्या काळचे लोक शहाणे, सुरुवातीच्या ब्रेक ऑइलमध्ये चक्क एरंडेल असायचं.

मग शोध सुरू. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईत ऑपेरा हाऊसची पार्टची दुकानं झाली, दिल्लीच्या कश्मीरी गेटला फोन झाले. एका दुकानदारानं ‘मेड इन यूएसए’ लिहिलेला डबा काढला आणि स्वतःच हसला. उल्हासनगरचा तो जुना विनोद तुम्हाला माहीत असेलच. गाडीचं नाव सांगितलं की सगळे मान हलवायचे. शेवटी एका म्हाताऱ्या काउंटरवाल्यानं सांगितलं, “नाव सांगू नका, माप सांगा.” बोर इंचात मोजला आणि कप मिळाले. सिलिंडरला पितळी स्लीव्ह घातली, शूवर नवे लायनर रिव्हेट केले. आपल्या चिंचोली एमआयडीसीतून कॅमशाफ्ट परदेशात जातात, आणि आम्ही एका रबरासाठी तीन शहरं फिरलो!

तरी ब्रेक जडच. तेव्हा आमचे मिस्त्री चाचा गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. चेसिसला एक मोठा डबा होता, आम्ही त्याला हवेची टाकी समजायचो. चाचांनी त्याची नळी दाखवली. दुसरं टोक लाकडी गुट्टी ठोकून बंद केलेलं.

तो हायड्रोव्हॅक होता. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर तो चालतो आणि पायाचा जोर वाढवतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. तो कुणी बसवलाच नव्हता. नळी लोंबकळायला लागली म्हणून गुट्टी ठोकली, बस्स. म्हणजे मिल्ट्रीच्या गाडीचा ब्रेक जड नव्हताच. आम्हीच तिची अर्धी ताकद काढून घेतली होती आणि वर तिलाच नाव ठेवत होतो.

भंगारातल्या छोट्या डिझेल ट्रकचा अल्टरनेटर मिळाला, पाठीमागं व्हॅक्यूम पंप असलेला. हायड्रोव्हॅकमधलं चामडं वाळून तडकलं होतं. हातपंपाचे चामडी वॉशर कापणाऱ्या माणसाकडून ते नवं करून घेतलं.

एवढं करून गाडी रस्त्यावर येणार का? नाही. २०२१ चा व्हिंटेजचा नियम दुचाकी आणि मोटारींपुरता आहे, ट्रक त्यात बसत नाही, आणि मूळ रूप बदललेली गाडी तर नाहीच. फिटनेसला न्यावी तर कागदावरचं इंजिन वेगळं. तक्रार नाही, ब्रेकचं एवढं रामायण झाल्यावर नियम कडक असावेत असंच मला वाटतं. पण अशा गाड्या आजही ठिकठिकाणी क्रेन म्हणून उभ्या आहेत. तुमच्या ओळखीत कुणाकडं असली तर खाली वाकून त्या नळीचं दुसरं टोक कुठं जातंय तेवढं बघा.

परवा वडिलांना सीटवर बसवलं. चाचांनी सांगितलं, “मालक, इंजिन बंद आहे तोवर चार-पाच वेळा ब्रेक मारा, मग दाबून धरा.” पेडल कडक झालं. मी स्टार्टर मारला. पेडल त्यांच्या पायाखाली हळूच दोन बोटं खाली गेलं. वडिलांनी दचकून पाय उचलला. परत ठेवला. मग मला म्हणाले, “इंजिन बंद कर, परत एकदा बघू.”