वऱ्हाडचा कापूस आणि बंदरावरची जकात



‘जकात’ म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना गावाच्या वेशीवरचा नाका आठवतो. आज मला ज्या नाक्याविषयी बोलावयाचे आहे तो बुलढाणा जिल्ह्यात कोठेही नव्हता. तो होता मुंबईच्या बंदरावर. तेथे परदेशी कापडावर शेकडा किती पट्टी घ्यावयाची याचा निर्णय कधी लंडनला झाला, कधी कलकत्त्याला, कधी सिमल्याला. परंतु त्या निर्णयाचे फळ घाटाखालच्या पऱ्हाटीच्या शेतात आणि मेहकरच्या मागावर भोगावे लागले. तो इतिहास आज थोडक्यात मांडतो.

निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. खामगावची बाजारपेठ त्याच्याही आधीची. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने मांडली. तूप, सूत आणि थोडासा कापूस एवढाच तेव्हाचा व्यवहार. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकदम भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा फाटा तयार झाला. त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते १९०५ साली आले.) आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाची सरकारला किती निकड होती ते दिसते.

त्या काळी वऱ्हाड व मध्यप्रांताचे कापूस-कमिशनर होते रिव्हेट-कार्नॅक. त्यांचा हिशेब सरळ होता. आगगाडीने कापूस बाहेर जाईल. त्याच गाडीने विलायती कापड आत येईल. ते स्वस्त पडल्याने गावठी विणकाम बसेल. आणि सूत कातणारे, कापड विणणारे हात मोकळे होऊन कापसाच्या शेतीकडे वळतील. यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. परंतु हे ‘मोकळे झालेले हात’ म्हणजे कोण? मेहकरचे मोमीन आणि कोष्टी. त्यांची धोतरे नावाजलेली होती. एके काळी मोमीन विणकर इतके सधन होते की त्यांनी आपल्या पैशाने मेहकरास कोट घालावयास घेतला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

आता कोणी म्हणेल, यंत्र आले की हातमाग मागे पडणारच. त्यात जकातीचा काय दोष? प्रश्न रास्त आहे. पण याच इंग्लंडने, आपल्या गिरण्या उभ्या राहण्यापूर्वी, १७०० आणि १७२१ साली कायदे करून हिंदुस्थानी छापील कापडाला आपले दार बंद केले होते. स्वतःचा धंदा बाळसे धरीपर्यंत त्यांनी संरक्षण वापरले, आणि तो थोर झाल्यावर खुल्या व्यापाराचा उपदेश आपल्याला केला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हेच बजावले की, अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना व सर्व काळी एकाच मापाने लावता येत नाहीत.

या उपदेशाचे पुढचे प्रकरण अधिक उघड आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे कापड व्हावे, हा त्यामागील विचार. मुंबईतही गिरण्या वाढत होत्या. मँचेस्टरला हे खपेना. परदेशी कापडावरील शेकडा ५ जकात ही सरकारी उत्पन्नासाठी होती, तरी तिने देशी गिरण्यांना आडोसा मिळतो अशी त्यांनी ओरड केली. १८७९ साली लॉर्ड लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत बाजूस सारून जाड्याभरड्या मालावरील जकात माफ केली. १८८२ साली उरलेलीही गेली. १८९४ साली तिजोरी रिकामी झाल्यावर जकात पुन्हा बसली, परंतु तिच्या जोडीला देशी गिरण्यांच्या बारीक सुतावर तेवढीच आबकारी पट्टी आली. शेवटी १८९६ साली ठरले ते असे : बाहेरच्या कापडावर शेकडा ३.५, आणि देशातील गिरणीच्या कापडावरही शेकडा ३.५.

वरवर पाहता हा समान न्याय दिसतो. परंतु वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड. त्याचे सूत जाड निघते, आणि त्यापासून होणारे कापड गोरगरिबांच्या अंगावरचे. मँचेस्टर मुख्यतः बारीक कापड पाठवी. दोघांची स्पर्धा जेथे नव्हतीच, तेथेही कर बसला, आणि तो भरला जाडे धोतर नेसणाऱ्याने. सालही ध्यानात घ्यावे. १८९६ मध्ये पाऊस दगा देत होता आणि दुष्काळ दाराशी आला होता. हा कर तब्बल तीस वर्षे टिकला. १९१७ साली बाहेरच्या कापडावरील जकात शेकडा ७.५ झाली, तेव्हा कोठे देशी मालाला थोडी सवड मिळाली. १९२५ च्या मुंबईतील मोठ्या गिरणी-संपानंतर आबकारी प्रथम तहकूब झाली आणि १९२६ साली रद्द.

इथपर्यंतची कथा आपल्याला सोयीची आहे, कारण तिच्यात दोषी परका आहे. यापुढची तितकी सोयीची नाही.

आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला सर्वांत मोठे गिऱ्हाईक पुढे भेटले ते जपानचे. ओसाकाच्या गिरण्या तो अमेरिकन कापसात मिसळून वापरीत. त्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारात उतरत. बारीक ‘बनी’ मागे पडून उताऱ्याला चांगली अशी जाडी ‘जरी’ शेतोशेती पसरली. मग जगभर मंदी आली. १९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्णचलन सोडले, त्याच्या येनचा भाव घसरला आणि जपानी कापड आपल्याकडे मातीमोलाने येऊ लागले. देशी गिरण्यांनी संरक्षण मागितले. ब्रिटनबाहेरील सुती कापडावरची जकात १९३२ च्या ऑगस्टात शेकडा ५० आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा ७५ झाली.

जपानने याचे उत्तर कापडाने दिले नाही, कापसाने दिले. त्यांच्या गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेणे बंद केले. जकात बसली ती मुंबईच्या मागणीवरून. तिचा फटका बसला तो मंदीने आधीच वाकलेल्या वऱ्हाडी कास्तकाराला. त्याने ना जपानी कापड विणले होते, ना जकात मागितली होती.

सप्टेंबर १९३३ पासून सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या. १९३४ च्या जानेवारीत तडजोड ठरली. जकात शेकडा ५० वर आली. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घ्यावा, त्याबदली ३२ कोटी ५० लाख वार कापड पाठवावे. १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वार. या करारातून शिकण्याजोगी एक गोष्ट आहे. कापूस आणि कापड एकाच कागदावर, एकाच तराजूत तोलले गेले. शेतकऱ्याचे हित गिरणीच्या हिताबरोबर मोजले गेले, पण ते त्याचे गिऱ्हाईक तुटल्यानंतर.

म्हणून संरक्षण वाईट होते असे मी म्हणत नाही. देशी गिरण्या बुडाल्या असत्या तर कापसाचे घरचे गिऱ्हाईकही गेले असते. खुला व्यापार चांगला की संरक्षण, या वादाला या जिल्ह्याच्या इतिहासात एकच एक उत्तर सापडत नाही. १८७९ साली खुल्या व्यापाराच्या नावाने अन्याय झाला. १९३३ साली संरक्षणाने झळ पोहोचविली. दोन्ही वेळी ज्याच्यावर परिणाम व्हावयाचा त्याचा हिशेब आधी मांडला गेला नव्हता.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२१ साली आपल्या सरकारने परदेशी कापसावर जकात बसविली. ती एकूण शेकडा ११ होती. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर शेकडा ५० पर्यंत जकात चढविली आणि कापड-कपड्यांच्या निर्यातदारांचे कंबरडे मोडू लागले. त्याच महिन्यात आपल्याकडे कापसावरील जकात माफ झाली. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी नवा कापूस घरात येण्याच्या हंगामात. गिरणी कामगाराची रोजी वाचावी ही इच्छा खोटी नव्हती. तरी १९३३ चा धागा येथे दिसतो : जकात परक्याची, कापडावरची, झीज सोसावयाची ती कापसाने.

तेव्हा मित्रहो, वर्तमानपत्रात पुढे कधी जकात वाढल्याची वा उतरल्याची बातमी वाचाल, तेव्हा ती देशाच्या भल्याची की वाईटाची एवढे विचारून थांबू नका. देश म्हणजे विणकर, गिरणी, कामगार, कापड घेणारा आणि पऱ्हाटी वेचणारी बाई, हे सारे. यांपैकी कोणाला किती मिळणार आणि कोणाचे किती जाणार, हे निर्णयाआधी विचारावे, निर्णयानंतर नव्हे. जलंबचा फाटा झाला तेव्हा असे विचारण्याचा अधिकार आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हता. आपल्याला तो आहे.