तठे नदी म्हंजे भीत

मोठे आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. लढाईची गोष्ट सांगायची झाली की त्यांना आधी पऱ्हाटीची काडी लागायची. लोणखेड्याच्या आमच्या घरापुढचा सडा वाळला की ते अंगणात उकिडवे बसत, वरून खाली एक लांब रेघ ओढत आणि तिच्या उजव्या अंगाला आडव्या रेघा मारत जात. लांब रेघ म्हणजे डोंगर, आडव्या म्हणजे नद्या. त्रिन्यो, सांग्रो, मोरो. आम्ही गोमाई, सुसरी म्हणतो तितक्या सहज ही नावं त्यांच्या तोंडातून येत. रेघा जिथे संपत तिथे ते तळहात ठेवत. तो समुद्र.

दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये ते लॉरी चालवायला शिकले आणि त्या शिक्षणावर फौजेच्या सर्व्हिस कोअरमध्ये भरती झाले. बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. पुढच्या पलटणींना दारूगोळा, पाणी, पीठ पोचवणं हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या लढाईत शत्रू क्वचितच दिसतो. दिसतात ते चिखल, तुटलेले पूल आणि पलीकडे अडकलेली आपली माणसं.

सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांची आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टाचेशी, तारांतोला उतरली आणि समुद्राच्या कडेकडेने वर सरकू लागली. सातपुड्यातून आपल्या नद्या तापीकडे येतात, तशा तिथल्या नद्या अपेनाइन डोंगरातून समुद्राकडे धावतात, एकीमागून एक. जर्मन सैन्य प्रत्येक नदीच्या पलीकडच्या चढावर दबा धरून बसलेलं. एक नदी ओलांडली की पुढे दुसरी. आबा म्हणायचे, "तठे नदी म्हंजे भीत शे, पोरा." तिथे नदी म्हणजे भिंत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात मला युरोपातल्या लढायांचे बाण भेटले, तारखा भेटल्या, पण तो मोर्चा दीड वर्ष का रेंगाळला हे मला या एका वाक्यातच कळलं.

नोव्हेंबरात सांग्रोला पूर आला. डोंगरात पाऊस पडला की गोमाई कशी अचानक फुगते हे आम्ही पाहिलेलं होतं, म्हणून आबांना ते समजावून सांगावं लागलं नाही. टाकलेले पूल वाहून गेले. पलीकडे उतरलेल्या पलटणींना मागून रसद नाही. महिनाअखेरीस तिथली जर्मन फळी फुटली. पुढे ११ मे १९४४ च्या रात्री, कासिनोच्या खालच्या अंगाला, याच डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. तोफांच्या माऱ्यात इंजिनीअरांनी लोखंडी बेली पूल जोडले. त्या पुलाच्या पट्ट्यांचा चाकाखालचा खडखडाट आबा जिभेने काढून दाखवत. ४ जूनला रोम पडलं.

मराठा पलटणींतली दोन नावं ते नेहमी घेत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, तिबेर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या तुकडीतले बहुतेक सगळे पडले. ते एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा नळीकडून बंदूक धरून दस्त्याने उरलेल्या दोघांवर घाव घातले. मग आडून आलेल्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस.

दुसरे नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनिओ. या नदीला दोन्ही काठांनी उंच मातीचे बांध आणि त्या बांधांतच जर्मनांचे मोर्चे. जाधव कंपनीचे रनर. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत सगळ्यांना पलीकडे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव घरी आले. घाडगे आले नाहीत. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. ते पाहायला आबा हवे होते.

एक गोष्ट मात्र ते काडी खाली ठेवून सांगत. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात इंग्रज सरकारच्या पोलिसांनी स्वातंत्र्याच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार पडले. शिरीषकुमार सोळाही वर्षांचा नव्हता. आबा तेव्हा इराकात, त्याच सरकारच्या गणवेशात. बातमी त्यांना फार उशिरा कळली. "आपलं पोरगं इथं आणि मी तिथं," एवढंच म्हणत. त्यांना कोणी कधी बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतःला तो लावून घेतला होता. मला वाटतं, आबांसारख्या माणसांवर आपण थोडा अन्यायच केला. ती स्वातंत्र्याच्या गोष्टीत बसली नाहीत आणि इंग्रजांच्या गोष्टीत तर नुसती आकड्यात राहिली. इटलीत मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या साडेपाच हजारांवर जाते.

सांग्रोकाठच्या युद्धस्मशानात, ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. त्याबद्दल मी पुष्कळ नंतर वाचलं. आबांनी कधी सांगितलं नव्हतं. पण गावात कोणी गेलं की अस्थी घेऊन प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर जायला ते सर्वांत आधी उठत. नात्यातलं नसलं तरी जात.

गोमाईच्या काठाशी आले की ते बैलगाडी थांबवत. पाणी घोट्याइतकं असलं तरी. बैल वाट ओळखीची म्हणून पुढे ओढत आणि आबा कासरा आखडून धरून पलीकडच्या काठाकडे बघत राहत. एक बाभूळ, एक धुणं धुणारी बाई, थोडी वाळू. मग कासरा सैल सोडत.