हेज फंड : गुंतवणूक संचातील जोखीम-संतुलन

तेजीबरोबर मंदीचेही सौदे करणारा, कर्ज व डेरिव्हेटिव्ह्ज वापरणारा खाजगी निधी. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स या समाजशास्त्रज्ञ-पत्रकाराने १९४९ मध्ये १ लाख डॉलरवर उभारलेला निधी सामान्यतः पहिला मानला जातो.

नियमन : भारतात हे निधी सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी विनियमांतील तिसऱ्या श्रेणीत मोडतात. गुंतवणूक किमान १ कोटी रु. (मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांस सूट). योजनेचा आकार किमान २० कोटी रु.; गुंतवणूकदार कमाल १,०००; एका कंपनीत सर्वसाधारणपणे कमाल १० टक्के. लिव्हरेज (उसनवारीने वाढवलेली गुंतवणूक) निव्वळ मत्तामूल्याच्या दुपटीपर्यंतच. व्यवस्थापक वा प्रायोजकास ५ टक्के किंवा १० कोटी रु., यांपैकी कमी असेल ती रक्कम स्वतःची घालावी लागते. पहिल्या दोन श्रेणींत ही अट निम्मी आहे. १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना १० लाख रु. किमान रकमेचे विशेषीकृत गुंतवणूक निधी काढता येतात. त्यांत हेजिंगव्यतिरिक्तचे मंदीचे सौदे निव्वळ मत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत चालतात.

संतुलन : निर्णायक घटक म्हणजे फंडाचा समभागांशी असलेला सहसंबंध. समभागसंचाचे वार्षिक चढउतार १६ टक्के व फंडाचे १२ टक्के धरले, तर १० टक्के वाटा फंडाकडे वळवल्यावर संचाचे चढउतार ०.३ सहसंबंधास सुमारे १४.८, पण ०.९ ला १५.५ टक्के होतात. मोठ्या पडझडीत सहसंबंध वाढतो, म्हणजे गरजेच्या वेळीच आधार रोडावतो. २००८ मध्ये हेज फंडांचा एचएफआरआय निर्देशांक सुमारे १९ टक्के घसरला. अमेरिकी समभागांचा एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरून ३७ टक्के. आधार काही प्रमाणात टिकला, असे त्यावरून म्हणता येईल. उलट १९९८ मध्ये लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी हेज फंड कंपनीला १४ वित्तसंस्थांच्या सुमारे ३.६ अब्ज डॉलरने सावरावे लागले. तिचे लिव्हरेज सेबीच्या आजच्या मर्यादेहून कितीतरी पट होते.

वाटा किती असावा याबाबत एकमत नाही. व्यवहारात किमान रक्कमच तो ठरवते : १० टक्क्यांसाठी १० कोटींचा संच लागतो, विशेषीकृत निधीत १ कोटीचा. वसई पूर्वेतील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत कुटुंबाची मत्ता बहुधा सदनिकेतच अडकलेली असते. ती वगळून उरलेल्या रकमेवरच हा हिशेब करणे रास्त.

परतावा : निधीगणिक भिन्न.

कर : तिसऱ्या श्रेणीत मुख्यतः निधीच्या पातळीवर.