वेडंतांगल पक्षी अभयारण्य

तमिळनाडू राज्याच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातील, ग्रामस्थांनी दोन शतकांहून अधिक काळ राखलेले पक्ष्यांचे विणीचे स्थान. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सु. ७५ किमी. वरील हे अभयारण्य मुळात सु. ३० हेक्टर क्षेत्राचा सिंचन तलाव (तमिळ ‘एरी’) होय. ‘वेडन’ म्हणजे शिकारी. त्यावरून पडलेले ‘शिकाऱ्यांचे खेडे’ या अर्थाचे गावाचे नाव येथील पूर्वीच्या शिकारीची आठवण देते.

ईशान्य मोसमी पावसाने तलाव भरला, की पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर मुग्धबलाक, पांढरा शराटी, चमचा, रातबगळा, पाणकावळा, झोळीवाला इ. पक्षी घरटी बांधतात. त्यांची विष्ठा पाण्यात मिसळून ते नायट्रोजनयुक्त होते व तेच पाणी खालच्या भातशेतीस मिळते. पक्षी असले की पीक चांगले येते, हे शेतकऱ्यांनी अनुभवाने जाणले होते. संरक्षणाचे मूळ भूतदयेइतकेच या लाभातही आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैनिक तलावावर पक्ष्यांची शिकार करू लागले, तेव्हा ग्रामस्थांनी जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागितली. ईस्ट इंडिया कंपनीच्या या मुलखाचा तत्कालीन जिल्हाधिकारी लायनेल प्लेस याने सु. १७९६–९८ या काळात शिकारीस मनाई करणारा कौल गावास दिला. १८५८ मध्ये या कौलाचे नूतनीकरण झाले. शासनाने येथे नवी प्रथा घातली नाही. गावाच्या प्रथेस केवळ लेखी मान्यता दिली. दिवाळीत फटाके न उडविण्याचा नियमही ग्रामस्थ स्वेच्छेने पाळतात.

१९३६ मध्ये या स्थानास अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये १९९८ मध्ये तलावाभोवतीचा ५ किमी. त्रिज्येचा प्रदेश अभयारण्यात समाविष्ट करण्यात आला. २०२२ मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा अंतर्भाव झाला.

तलाव निर्धोक राहिला, तरी तेवढ्याने पक्ष्यांचे भागत नाही. पिलांसाठी लागणारे मासे, बेडूक, गोगलगाई व कीटक ते आसपासच्या शेतांतून व लहान तलावांतून आणतात. तेथील जलप्रवाह अडले किंवा दूषित झाले, तर घरट्यांची झाडे सुरक्षित असूनही वीण धोक्यात येते. म्हणूनच २०२० मध्ये अभयारण्याची मर्यादा ३ किमी. पर्यंत आणण्याचा राज्य शासनाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. पाऊस अपुरा पडून तलाव कोरडा राहिल्यास त्या वर्षी पक्षी फारसे येत नाहीत. बंदूक एका गावाच्या निर्धाराने थोपविता आली. पाण्याचे रक्षण मात्र साऱ्या पाणलोट क्षेत्राच्या सहकार्यावर अवलंबून आहे.