जावयाकडे मागायचे नसते

कौंडण्यपूर हे पंढरीच्या रखुमाईचे माहेर. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठावर असलेल्या या गावातून दर आषाढीला पालखी निघते आणि लेकीसाठी साडीचोळी घेऊन पंढरपूरला पोचते. सदाराम महाराजांनी १५९४ साली ही वारी सुरू केली, असे गावात सांगतात. माझ्या आजीचा जन्म याच गावातला. त्यामुळे विठोबाशी तिचे नाते इतर वारकऱ्यांहून थोडे वेगळे होते. बाकीच्यांची तो माउली, आजीचा तो जावई. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कौंडण्यपुरात दहीहंडी होते. त्या दिवशी पांडुरंग सासुरवाडीला आलेला असतो, अशी गावाची श्रद्धा. "जावई मानूस हाय थो," आजी म्हणायची, "त्याच्यापुढं हात पसरत नसते. त्याले द्याचं असते."

आमच्या घरात प्रार्थना ही अशी होती. दिवेलागण झाली की आजी तुळशीपाशी दिवा लावायची, आत येऊन टाळ घ्यायची आणि हरिपाठ सुरू करायची. सत्तावीस अभंग. पुस्तक तिने कधी उघडले नाही, तिला वाचता येतही नव्हते. ती म्हणायची, आम्ही मागून म्हणायचो. अर्थ कोणी विचारला नाही, तिनेही सांगितला नाही. शेवटी तिच्या पाया पडायचे आणि मग जेवायला बसायचे.

अमरावतीच्या कॅम्प भागात आम्ही भाड्याने राहायचो, तिथे आमची आणि सिस्टरमावशींची भिंत एकच होती. त्या नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर आणि आम्हा मुलांच्या सिस्टरमावशी. घर कॅथलिक. त्यांची ड्यूटी सकाळची असली की संध्याकाळी सातला भिंतीपलीकडून जपमाळ ऐकू यायची. मावशी अर्धी प्रार्थना म्हणायच्या, उरलेली अर्धी घरातले सगळे मिळून म्हणायचे. दहा वेळा 'नमो मारिया', मग थोडे थांबून पुढचे दशक. आमचा हरिपाठ लांबला की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत. त्याबद्दल दोन्ही घरांत कधी कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही.

मावशींचे माहेर वैजापूरकडचे, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातले. त्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फादर गुरियन जाकिए हे फ्रेंच मिशनरी घोगरगावला येऊन राहिले आणि आजूबाजूच्या गावांतून फिरले. मावशींनी फादरांना पाहिलेले नव्हते. त्यांच्या आजीने पाहिले होते. ती सांगायची ते मावशी आम्हाला सांगायच्या: फादर एक, गावे पुष्कळ. पावसाळ्यात वाटा बंद. मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना, कधी होईल याचा नेम नाही. झाली तरी ती लॅटिनमध्ये, म्हणजे कानावर पडायची पण कळायची नाही. मग मराठीत देवाशी बोलायचे कुठे? घरात. गावातल्या प्रचारक मास्तरांनी प्रार्थना तोंडी शिकवायच्या, बायकांनी त्या दळता-कांडताना घोकायच्या आणि रात्री पोरांकडून म्हणवून घ्यायच्या. "फादर आले की आधी पोरांना उभं करायचे," मावशी म्हणायच्या. "पोरगं अडलं की नजर आईकडं जायची."

ही गोष्ट मला कॅथलिक समाजाच्या इतिहासाची किल्ली वाटते. कागदावरचा इतिहास वेगळ्या क्रमाने सांगितला जातो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, त्यातून १९५५ मध्ये अमरावतीचा निघाला, जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप, आणि १९७७ मध्ये त्यातून औरंगाबादचा वेगळा झाला. म्हणजे बावीस वर्षे मावशींचे माहेर आणि सासर एकाच धर्मप्रांतात होते आणि त्याचे त्यांना भारी अप्रूप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. पण चर्चमध्ये मराठी यायच्या कितीतरी आधी ती घरच्या जपमाळेत होती. आणि ती तिथे ठेवली होती अक्षरओळख नसलेल्या आज्यांनी.

याचा सर्वांत मोठा दाखला चारशे वर्षांपूर्वीचा आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट मिशनरी १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी 'क्रिस्तपुराण' रचले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाचे निमित्त त्यांनी ग्रंथातच सांगितले आहे: नव्या ख्रिस्ती लोकांपैकी एकाने विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग वेळ सत्कारणी लावायला आम्हाला तसे दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नातले दुःख मला नेहमी जाणवते. देवळाची वाट बंद झाली, पण संध्याकाळी कोणीतरी वाचायचे आणि घराने ऐकायचे, ही सवय काही सुटत नव्हती. स्टीफन्सनी तिला ओवी दिली, कारण कानाला ओवीची सवय होती. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापले गेले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषा मोडण्याचा हुकूम काढला. तरीही ग्रंथ उरला तो हस्तलिखितांत. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला, तेव्हा त्यांच्या हाती अशाच हस्तलिखित प्रती होत्या. छापखान्याने हरवलेले लोकांनी हाताने उतरवून जपले.

आजीला मी हे मोठेपणी सांगितले तेव्हा तिला नवल वाटले नाही. "मंग? आपल्याकडं काय वेगळं हाय?" खरेच नव्हते. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' काशीत १५७१ साली पूर्ण झाले, सतराशे बारा ओव्यांचे. लग्न जमावे म्हणून मुलींनी ते वाचायचे, ही रीत महाराष्ट्रभर आहे. आजीच्या माहेरी मात्र ते घरच्या लग्नाची हकिकत म्हणून ऐकले जायचे: अंबिकेचे हे देऊळ, इथून रुक्मिणी बाहेर आली, इथे रथ उभा होता. आणि त्याही आधी, तेराव्या शतकात, याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' रचले. मराठीतल्या आद्य कवयित्रीच्या तोंडी आले ते लग्नातले गाणे, बायकांनी म्हणायचे.

आता मागण्याविषयी. सिस्टरमावशींच्या घरात जपमाळ सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाला एक प्रश्न असायचा: "आज कोणासाठी?" उत्तरात नाव हवे. सगळ्या जगासाठी, असे म्हटलेले चालत नसे. वर्गातला अमका तापाने आजारी आहे, वॉर्डातल्या तमक्या बाईचे बाळ दगावले, दूधवाल्याची म्हैस मेली. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाकडी फळी, फळीवर मेणबत्ती, ऑक्टोबरात शेवंतीची फुले. त्या फळीसमोर रोज संध्याकाळी मोहल्ल्यातल्या माणसांची नावे घेतली जात. एकदा मी तिथे बसले असताना मावशींच्या धाकट्याने माझ्या आजीचे नाव घेतले. तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते. सगळ्यांनी मिळून आजीच्या डोळ्यासाठी एक दशक म्हटले.

घरी येऊन मी हे सांगितले आणि आजी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना ओट्यावर गाठले.

"शिस्टरबाई, तुमी माह्या डोयासाठी देवाले मांगतलं म्हनते पोरगी."

"मागितलं की, आजी."

"बरं नाही दिसत थे. देवाले त्याचं काम कयते."

"आजी, लेकरानं बापाकडं मागायचं नाही तर कोणाकडं मागायचं?"

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचा बाप हाय तं तुमी मांगा. आमचा जावई हाय. आमाले मांगता येत नाही." आणि थोड्या वेळाने, जरा हळू: "पन तुमी मांगा."

मी तेव्हा लहान होते, पण या दोघींत कोण बरोबर हे ठरवायचे नसते, एवढे मला कळले. दोघींनाही आपापल्या देवाशी नाते होते, आणि नाते म्हटले की त्याचे रीतिरिवाज आलेच. धर्माच्या चर्चेत आपण तत्त्वांपासून सुरुवात करतो. मुलांना मात्र नाते आधी कळते. आजीच्या नात्याने मला देवाला द्यायला शिकवले: फूल, भाकरीचा तुकडा, वारीचे चालणे. मावशींच्या नात्याने दुसऱ्याचे दुखणे नाव घेऊन बोलायला शिकवले. दोन्ही शिकवण्या मला हव्या होत्या, हे आज मी कृतज्ञतेने सांगते.

वऱ्हाडच्या मातीला हे शेजारपण नवे नाही. कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला. सामुदायिक प्रार्थना त्यांनी खेडोपाडी नेली. ठरलेली वेळ, सगळ्यांनी एकत्र बसायचे, समोर कोणत्याही एका देवाची मूर्ती नाही. त्यांच्या पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली झाल्यावर गुरुकुंजात सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. मावशी एका वर्षी आमच्याबरोबर आल्या होत्या. हजारो माणसे एकाच क्षणी गप्प होतात ते पाहून परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, "हे घरी जमलं पाहिजे. पाच मिनिटं तरी."

घरी जमण्याची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर चर्चची दारे बंद असताना आला. पुढच्या वर्षी आषाढीला मानाच्या मोजक्याच पालख्यांना एसटीतून पंढरपूरला जाण्याची परवानगी मिळाली. कौंडण्यपूरची पालखी त्यांत होती, पण वारकरी घरीच राहिले. आजी तोवर गेलेली होती. माझ्या आईने त्या दिवशी साडीचोळी काढून तुळशीपुढे ठेवली, हळदीकुंकू वाहिले आणि कौंडण्यपूरच्या दिशेने हात जोडले. सिस्टरमावशींनी तीन शहरांत पांगलेली मुले फोनवर एकत्र केली आणि जपमाळ म्हटली. आवाज मागेपुढे होत होते, कोणाचे 'नमो मारिया' संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू होत होते. जपमाळेआधीचा प्रश्न तोच: आज कोणासाठी? त्या दिवसांत नावे लांबत गेली. कधी कधी नावांनाच जपमाळेइतका वेळ लागायचा.

मला भीती वाटते ती घरातल्या या प्रार्थनेचा धागा तुटण्याची. आता आईवडील मुलाला रविवारच्या वर्गाला किंवा संस्कार शिबिराला पाठवतात आणि काम झाले असे समजतात. ते वर्ग चांगले आहेत, पण मूल तिथे प्रार्थना पाठ करायला शिकते. आपली आई कोणापुढे तरी वाकते, हे त्याला घरीच दिसते. टाळ हातात घेतला की आजीचा चेहरा बदलायचा, तो बदल मी कुठल्या वर्गात पाहिला असता?

मागच्या ऑक्टोबरात मावशींची सून मुलाला घेऊन आली होती. पोरगा चार वर्षांचा, एका जागी बसेना. पहिल्या दशकातच उठून पळायचा. सुनेला लाज वाटत होती. मावशींनी तिला सांगितले: याला पन्नास 'नमो मारिया' ऐकवू नकोस. मेणबत्ती लावताना काडीपेटी त्याच्याजवळ दे, तुझा हात त्याच्या हातावर ठेव. मग एकच नाव विचार, आज कोणासाठी. नाव सांगून झालं की जाऊ दे त्याला खेळायला. बाकीचं दशक आपण म्हणू. पोराने त्या संध्याकाळी शेजारच्या कुत्र्याचे नाव सांगितले, कारण त्याच्या पायाला लागले होते. मावशींनी माळेचा मणी धरला आणि त्या कुत्र्यासाठी पहिले दशक सुरू केले.